बाबा, खुर्चीवर बस!

डाळिंबाचा रस. पाहुण्यांचा पांढरा सोफा. इर्बिद शहरात राहणाऱ्या सासूबाई.

"आजही लेकीपुढे विरघळलास, तर तिला वळण लावायला मी आईला कायमचं अम्मानला बोलावून घेते," असं नवऱ्याला, म्हणजे नाजीला, बजावून सिरीन सकाळी कामावर गेली. नाजी सासूबाईंना भलताच टरकून असायचा. त्यामुळे चार वर्षांच्या लुजैननं सोफ्यावर पेलाभर रस ओतला, तेव्हा त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. कोपऱ्यातल्या तिच्या बुटक्या खुर्चीकडे बोट दाखवून तो ओरडला,

"बाबा, खुर्चीवर बस! आणि मी सांगेपर्यंत उठायचं नाही!"

इकडे अम्मानला बाप लेकरांना, अगदी मुलींनाही, लाडानं 'बाबा'च म्हणतात. रागाच्या भरातही त्याच्या तोंडून तेच निघालं.

लुजैननं कमरेवर हात ठेवले. "बाबा कोण आहे?"

"मी."

"मग बस की!"

"अगं, मी तुला म्हणत होतो..."

"शिक्षेत बोलायचं नसतं, बाबा!"

संध्याकाळी सिरीन घरात शिरली. नाजी त्या बुटक्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसला होता. समोर लुजैन सोफ्यावर ऐसपैस पसरून खारे पिस्ते खात होती.

"सिरीन," तो कुजबुजला, "आता उठू का, तेवढं तिला विचार ना."



तिकडे इर्बिदला सासूबाईंनी बॅग आदल्या दिवशीच भरून ठेवली होती.