गैरहजर बोट

"इरा, तुझा शॉर्टकट माझं ऐकत नाही गं," दामूमामा वैतागून म्हणाले. "बाकीच्या खिडक्या उघडतात, नक्षीची तेवढी उघडत नाही. उद्यापासून मागावर दुसऱ्या कुणालातरी बसवतो."

येवल्यात आता कीबोर्ड कुणाकडेच उरला नव्हता. मनगटावरचा पट्टा नसांमधले संदेश वाचायचा. टेबलावर नुसती बोटं टेकवली, की लिनक्सच्या पडद्यावर खिडक्या सरकायच्या. मामांच्या पैठणीच्या मागासाठी हा शॉर्टकटचा प्रोग्राम इराने, त्यांच्या भाचीने, स्वतः लिहिला होता. तिने पट्ट्यातल्या नोंदी उघडल्या.

"मामा, नक्षीसाठी मी मधलं बोट दिलंय. तुम्ही कुठलं टेकवता?"

"तर्जनी," मामा सहज म्हणाले. "उजवी. चाळीस वर्षं तीच नक्षी मोजतेय."

इरा त्यांच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. ती तर्जनी तीन वर्षांपूर्वी अपघातात गेली होती. म्हणून तर तिने प्रोग्रामला नऊच बोटं सांगितली होती. दहाव्या बोटाचा संदेश आला, की प्रोग्राम तो खरखर समजून टाकून द्यायचा. असे टाकलेले संदेश चारशे बारा होते, आणि सगळे अगदी स्वच्छ, एकसारखे.

तिने नऊचे दहा केले, नक्षी तर्जनीला दिली. "आता करा."

मामांच्या हाताचं एकही बोट हललं नाही. पडद्यावर मात्र नक्षीचा मोर उलगडला.

मामा आधी हाताकडे, मग मोराकडे बघून खदखदून हसले. "बिचारं रोज कामावर येत होतं. तूच त्याची हजेरी लावत नव्हतीस!"

"मग उद्या मागावर कोण बसणार?"

मामा केव्हाच मोराचे धागे मोजू लागले होते.