आईच्या शिट्ट्या

शाळेत खेळ शिकवण्यात हयात घालवलेल्या आईने हौसेने जमवलेल्या शिट्ट्या लेकीने सरावासाठी टेबलावर मांडल्या होत्या. उद्या दागिन्यांचे फोटो काढायचं तिचं पहिलंवहिलं काम होतं, आणि धातूची चमक काही केल्या आवरत नव्हती. दिवा पुढे आणला की पितळ पांढरंफटक पडे, मागे नेला की काळवंडे.

"आई, हा पांढरा कागद जरा इथे धरतेस?"

आईने धरला. अर्धा चेहरा लुळा पडल्यापासून ती कुणाच्याच कॅमेऱ्यासमोर फिरकली नव्हती.

या वेळच्या फोटोत पितळ झकास उजळलं, पण शिट्टीच्या गोलाईत कागद धरलेली आई आणि कॅमेऱ्यामागची लेक, दोघी स्पष्ट उमटल्या होत्या. लेक घाईघाईने फोटो पुसायला गेली, तर आईने तिचा हात धरला आणि स्क्रीनवर वाकून बराच वेळ पाहिलं.

"राहू दे. ह्यात तुझंही तोंड वाकडंच आलंय."

मग आईने कागद लेकीच्या हातात दिला आणि स्टूल ओढून कॅमेऱ्यासमोर बसली.

"आता दिवा इकडे वळव."