पुन्हा पहिल्यापासून

रेणूला शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी तिचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का, एवढंच पाहिलं होतं. आता लेकीला गोंदियाच्या इंग्रजी शाळेत घालायचं, तर मॅडम मायलेकी दोघींनाही इंग्रजीत प्रश्न विचारणार होत्या. आईला बोलता आलं नाही तर पोरीला प्रवेश मिळत नाही, असं गावातल्या, फुलचूरच्या बायका सांगत.

म्हणून रेणू भात शिजत ठेवून मोबाइलमध्ये स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करू लागली. "माय नेम इज रेणू. आय ॲम हाउसवाइफ." मग फोन कानाशी धरून ऐकायची, कपाळावर हात मारायची आणि पुटपुटायची, "चुकलं. मिटव." सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. तिच्या पायाशी खेळणारी लेक माही ते रोज ऐकत असे.

"शायेत तुले जाचं हाय का पोरीले?" सासूबाई विचारत.

"दोघींची परीक्षा हाय, आई. माह्यापायी पोरगी राहून गेली तं?"

मुलाखतीच्या दिवशी रेणूचा एकही शब्द अडला नाही. मॅडम हसल्या आणि माहीकडे वळल्या. "व्हॉट इज युअर नेम?"

"माय नेम इज माही," पोर खणखणीत बोलली.

"व्हेरी गुड," मॅडम म्हणाल्या.

माहीने कपाळावर हात मारला आणि आईच्या कानाशी लागून म्हणाली, "चुकलं. मिटव."