परक्या घरचा गेम

सून दुपारपासून हातातल्या गेमिंग मशीनशी झटत होती. "चार दिवस राहतो, करमलं नाही तर परत जाईन," असं बजावून कालच आलेल्या सासऱ्यांनी विचारलं, "काय अडलंय?"

"बाबा, बाहेरून आणलेला हा गेम विंडोजचा आणि मशीन लिनक्सचं. परक्या घरी तो नांदत नाही. म्हणून मधे एक सॉफ्टवेअर बसवायचं. ते त्याला भासवतं, तू आपल्याच घरी आहेस."

"आणि त्याला कळलं तर?"

"रुसून बंद पडतो."

सासरे आपल्या खोलीत आले. खुर्ची खिडकीच्या डावीकडे, पडदे निळ्या चौकड्यांचे, घड्याळसुद्धा त्यांच्या घरच्यासारखंच पाच मिनिटं पुढे.

ते मिशीतल्या मिशीत हसले आणि काहीच कळलं नाही असा चेहरा करून खुर्चीत रेलले.