तीन सूर्य

चिलवा तळ्याकाठच्या दवाखान्यात औषधं द्यायला तियामिकेबाई बसायच्या. वाचता न येणाऱ्यांना त्या गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य काढून द्यायच्या. दिवसाला जितक्या गोळ्या, तितके सूर्य.

कॉलेजचा फत्सानी औषधं देणाऱ्यांच्या चुकांवर संशोधन करत होता. तीनदा त्यांनी त्याला पिटाळलं होतं. "बाहेर रांग बघ, बाबा. तुला पदवी मिळेल, माझी माणसं मात्र उन्हात ताटकळतील."

चौथ्या खेपेला तो उंबऱ्यातच ठिय्या देऊन बसला आणि आईला हाक मारावी तसं म्हणाला, "आमायी, एकच प्रश्न आहे. नाव लिहायचं नाही. कुणाला कळणारसुद्धा नाही."

त्याने पुढे केलेल्या कागदावर प्रश्न होता, 'तुमच्या हातून कधी चुकीचं औषध किंवा जास्त गोळ्या गेल्या का?'

बाईंनी झटकन 'नाही'वर खूण केली. कागद मात्र सोडला नाही. पेन हातात धरून त्या बराच वेळ खिडकीबाहेरच्या बायकांच्या पाठीवरची पोरं बघत राहिल्या. मग त्यांनी कागदाची घडी घालून त्याच्या हातात कोंबली.

"घे, आणि आता पाठ सोड माझी."

फत्सानीने बाहेर येऊन घडी उलगडली.



समासात तीन सूर्य काढले होते, त्यातले दोन कागद फाटेपर्यंत खोडलेले. आणि खाली लिहिलं होतं, 'लिंबानी, वय दोन वर्षं.'