लाल पंख्यांचा नाच

चीनमधल्या छंतू शहरातल्या एका चौकात रोज संध्याकाळी लुओ आजी आणि त्यांची फौज ढणाढणा गाणी लावून, लाल पंखे फडकवत नाचायची. जिमची फी ऐकून गुडघे जास्तच दुखतात आणि इथे फुकटात बरे होतात, हे आजींचं शास्त्र!

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर छ्यू सर मात्र रोज खिडकीतून खेकसायचे, "अहो बायांनो, वयाची तरी लाज बाळगा!" आणि खाडकन पडदा ओढून घ्यायचे. त्यांच्या बोंबलण्याने अखेर वस्तीची समिती जागी झाली. पुन्हा आवाज आला, तर नाच बंद!

ऐकतील त्या आज्या कसल्या? दुसऱ्या दिवशी प्रत्येकीच्या कानात हेडफोन आणि चौकात चिडीचूप नाच सुरू.

तेवढ्यात छ्यू सर धापा टाकत खाली आले.

"आता काय, आमच्या चपला वाजल्या का?" लुओ आजी कमरेवर हात ठेवून कडाडल्या.

सरांनी पाठीमागे लपवलेला लाल पंखा हळूच पुढे काढला.



"लुओताई, एखादा हेडफोन जास्तीचा आहे का? ओरडलो नसतो तर शेजाऱ्यांना संशय आला असता हो, पण आता गाण्याशिवाय पडद्याआड ताल कसा धरू?"