पडद्यामागचं पाणी

१९९४ साली, व्हिएतनाममधल्या त्या गावात परदेशी प्रवाशांची पहिली बस आली त्या दुपारी, लुआ देवळाच्या पायऱ्यांवर चिकट भाताच्या मुदी पाडत बसली होती. समोर तळं. तळ्यात लाल कौलांचा मंडप आणि मंडपाच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचा पडदा. त्या पडद्यामागे कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तिचे वडील तुओंग आणि धाकटा भाऊ बाक लांब काठ्यांवर बाहुल्या नाचवत होते.

उंबराच्या लाकडाची फिनिक्स पक्ष्यांची जोडी पाण्यावर आली. दोघांनी माना एकमेकींत गुंफल्या, मग ते बाजूला झाले. मध्ये एक अंडं तरंगत होतं. ते फुटलं आणि त्यातून पिल्लू निघालं. पायऱ्यांवरचे परदेशी पाहुणे एकदम गप्प झाले. लुआनं हे लहानपणापासून पाहिलं होतं, तरी तिचाही हात भातावरच थांबला.

ते अंडं कसं निघतं हे फक्त बाहुल्या नाचवणाऱ्या मंडळीच्या म्होरक्याला आणि त्याच्या मुलाला ठाऊक असे. मुलींना सांगायचं नाही. मुलगी लग्न होऊन जाते आणि जाताना युक्ती सासरी नेते. तरुणपणी लुआला पलीकडच्या गावच्या दोआननं मागणी घातली होती. त्याच्याही घरी बाहुल्या होत्या. "जायचं तर जा," वडील म्हणाले होते, "पण मग हे तळं तुझं नाही." ती गेली नाही. गावातल्याच एका सुताराशी तिनं लग्न केलं आणि दुसऱ्याच महिन्यात वडिलांपुढे उभी राहिली. "आता तरी शिकवा. मी कुठं चाललेय?"

"बघू," ते म्हणाले. ते अजून बघतच होते. मधल्या काळात तिचा नवरा वारला, तिचे केस पिकू लागले. हिवाळ्यात पाण्यातून कुडकुडत बाहेर येणाऱ्या माणसांना आलं ठेचून देण्याचं काम मात्र तिचंच.

खेळ संपला. पाहुण्यांना घेऊन आलेला क्वेत, हनोईचा तरणाताठा वाटाड्या, पायऱ्यांवरून ओरडला, "आजोबा, ठरल्याप्रमाणं हं." तेव्हा तुओंगनी स्वतःच्या हातानं तो पडदा गुंडाळून वर बांधला.

"या, या. या सगळे."

पाहुणे विजारी वर करून, एकमेकांना धरून, खिदळत पाण्यात उतरले. पडद्यामागे गेले. बाकनं एका सोनेरी केसांच्या मुलीच्या हातात काठी दिली. तुओंगनी तिचं बोट धरून एका दोरीवर ठेवलं. मुलीनं दोरी ओढली. अंडं टुणकन वर आलं आणि सगळे हसत सुटले.

लुआ भाताचं ताट घेऊन काठावर उभी होती. पडद्याची मागची बाजू तिच्यासमोर सताड उघडी होती. तिची नजर आपोआप खाली गेली. सवयच होती तशी.

तुओंग निथळत काठावर येऊन बसले. खुशीत होते. "सांग यांना," ते क्वेतला म्हणाले, "आमच्यात पोटच्या मुलीलासुद्धा हे दाखवत नाहीत."

क्वेतनं सांगितलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं काहीतरी विचारलं, तसा क्वेत लुआकडे वळला.

"मावशी, या विचारताहेत, ती मुलगी कुठंय? म्हणजे तुम्हीच की. जरा हसा ना, फोटो घेताहेत."

लुआनं फोटो घेऊ दिला. मग ताट वडिलांपुढे धरून ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, त्या पोरीच्या हातात दोरी दिलीत तुम्ही."

"अगं, ती जाईल समुद्रापार. तिला काय कळतंय? तिच्याकडे कुठं तळं आहे?"

"आणि मी?"

"तू पलीकडच्या गावात जाणार होतीस." मुदीचा तुकडा मोडत ते अगदी सरळपणे म्हणाले, "ते तर चालत जायच्या अंतरावर."

"ताई, ये की तू पण," पाण्यातून बाकनं हाक मारली. "आज उघडंच आहे. नंतर म्हणू नकोस."

"नको रे. माझं तिकीट काढलेलं नाही."

बाक मोठ्यानं हसला. मग आपण एकटेच हसतोय हे लक्षात येऊन थांबला.

क्वेतनं पुढे हनोईत स्वतःचं सहलींचं दुकान टाकलं. आता त्याची मुलं ते चालवतात. बाक त्या दुपारनंतर दोन वर्षांनी मोटरसायकलच्या अपघातात गेला. मंडळीतली बाकीची पोरं कारखान्यांत लागली. पलीकडच्या गावात दोआनची थोरली मुलगी पाण्यात उतरते, परीच्या बाहुलीची काठी तिच्या हातात असते. लुआच्या गावची फिनिक्सची जोडी अजूनही वसंताच्या जत्रेत बाहेर येते, माना गुंफते, गोल फिरते आणि तशीच पडद्याआड जाते. अंडं आता निघत नाही.

बाकच्या मागे तुओंग तीन हिवाळे जगले. शेवटच्या दिवसांत त्यांच्याजवळ लुआच होती. त्यांचा आवाज पार खोल गेला होता, पण शुद्ध होती. ते तिचा हात धरून म्हणायचे, "लुआ, ऐक. त्या अंड्याला खालून जी दोरी..."

लुआ चमच्यानं पेज त्यांच्या तोंडात घालायची. ते गिळायचे आणि पुन्हा बोलायला तोंड उघडायचे. तोवर तिनं पुढचा चमचा फुंकून तयार ठेवलेला असायचा.